हजेरी कोणाची आणि कोणापुढे?

दारी आलेल्या अनोळखी माणसाने "काल रात्री आठपासून दहापर्यंत आपण कोठे होता, आणि कोणाकडे?" असा प्रश्न केला, तर आमच्या शहरातला अगदी गरीब हातगाडीवालादेखील "तू कोण मला विचारणार?" असे त्याला खडसावल्यावाचून राहणार नाही. पोलिसाने विचारले तरी तो निदान कारण विचारील. आपले येणे-जाणे ही आपली खासगी बाब आहे, ही जाणीव माणसाला शाळेत शिकवावी लागत नाही. आणि तरीही हाच मानी माणूस खिशातल्या मोबाईलवर एखादे फुकटचे ॲप उतरवून घेताना "लोकेशनची परवानगी द्या" या ओळीखालचे बटण दाबून मोकळा होतो. आणि जे उत्तर त्याने दारावरच्या माणसाला दिले नसते, तेच उत्तर तो कधीही न पाहिलेल्या कोणा व्यापाऱ्याला दिवसरात्र देऊ लागतो. किती वेळा देतो, याची त्याला गणतीही नसते.

अमेरिकेतील एका विजेरीची गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचे एक ॲप होते. मोबाईलचा दिवा लावणे आणि मालवणे, एवढेच त्याचे काम. कोट्यवधी लोकांनी ते फुकट मिळते म्हणून घेतले. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने उघड केले की, ही विजेरी वापरणाऱ्याचे नेमके ठिकाण आणि त्याच्या फोनचा क्रमांक जाहिरातवाल्यांकडे पोचते करीत होती. त्यातला बेमुर्वतपणा असा की, "मान्य" आणि "अमान्य" अशी दोन बटणे तिने समोर ठेवली होती खरी. परंतु माणसाने त्यांपैकी एकावर बोट ठेवण्यापूर्वीच माहिती रवाना झालेली असे! अंधारात वाट दाखवण्यासाठी हाती धरलेल्या दिव्याने आपलीच वाट दुसऱ्याला दाखवावी, याला काय म्हणावे? विजेरीला आपला पत्ता कशाला हवा, हा साधा प्रश्न कोट्यवधी लोकांपैकी फारच थोड्यांना पडला. तो पडला असता, तर पुढचा पुष्कळसा अनर्थ टळला असता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आकाशातील उपग्रह आपल्यावर डोळा ठेवून असतात, अशी अनेक सुशिक्षितांचीही समजूत आहे. ती चुकीची आहे. जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून केवळ वेळ आणि स्वतःची जागा सांगणारा संदेश प्रसारित करीत असतात. आकाशवाणीला जसे कोणाच्या घरी रेडिओ चालू आहे हे कळत नाही, तसाच त्यांनाही खाली कोण ऐकतो आहे याचा पत्ता नसतो. निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकून "मी अमुक ठिकाणी आहे" असे गणित मांडतो तो आपला फोनच. तेथपर्यंत कोणाचे काही बिघडत नाही. चहाडी सुरू होते ती त्यापुढे; फोनमध्ये बसलेले एखादे ॲप ते उत्तर उचलते आणि बाहेर धाडते तेव्हा. मोबाईल कंपनीच्या टॉवरची गोष्ट थोडी निराळी आहे. आपण कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहोत हे कंपनीला ठाऊक नसेल, तर आपला फोन वाजणारच नाही. तेव्हा काही माहिती देणे अपरिहार्य असते, हे आम्ही नाकारीत नाही. रिक्षा बोलवायची तर आपण कोठे उभे आहोत हे सांगितलेच पाहिजे. वाद त्याबद्दल नाही. रिक्षा आली, आपण घरी पोचलो, दिवा मालवून झोपलो, आणि तरीही ती चौकशी चालूच राहिली, तर ती कशासाठी, एवढेच आमचे विचारणे आहे.

यावर कंपन्यांचे एक ठरीव उत्तर असते: आम्ही नाव काढून टाकतो, आमच्यापाशी उरतात ते नुसते आकडे. हे उत्तर ऐकायला निरुपद्रवी वाटते. परंतु २०१३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्यातली हवाच काढून घेतली. एका देशातील सुमारे पंधरा लाख माणसांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी संशोधकांनी तपासल्या. त्यांत कोणाचेही नाव नव्हते. तरीसुद्धा स्थळ आणि वेळ यांचे अवघे चार ठिपके हाती असले, तर शंभरांतील पंच्याण्णव माणसे त्या गर्दीतून वेगळी काढता येतात, असे आढळले. नवल वाटायचे कारण नाही. रात्री अकरा वाजता एका गल्लीत, सकाळी दहाला एका शाळेत, गुरुवारी संध्याकाळी एका दवाखान्यात आणि रविवारी एका कार्यालयातील बैठकीत असणारा माणूस आपल्या शहरात कितीसा सापडणार? त्याचे नाव विचारण्याची गरज काय? शेजारची आजीसुद्धा ते सांगू शकेल.

आणि हे ठिपके कोठवर जातात पाहा. व्यायाम करणाऱ्यांच्या धावण्याच्या वाटा नोंदवणाऱ्या 'स्ट्राव्हा' या ॲपने साऱ्या जगाचा एक झगमगता नकाशा मोठ्या हौसेने प्रसिद्ध केला. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आले की, ओसाड वाळवंटात मध्येच उजळलेली जी वेटोळी दिसतात ती सैनिकी तळांची आहेत. सकाळी तळाभोवती धावणाऱ्या शिपायांनीच ती आपल्या पायांनी रेखली होती. एकाही शिपायाने गुपित फोडले नव्हते. प्रत्येकाने केवळ आपला व्यायाम नोंदवला होता. दुसरे उदाहरण नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणाऱ्या एका लोकप्रिय ॲपचे. दिशा दाखवायची तर ठिकाण कळलेच पाहिजे. मागणी रास्त होती आणि भाविकांनी ती श्रद्धेने पुरवली. २०२० च्या नोव्हेंबरात वृत्तपत्री शोधातून बाहेर आले की, ही माहिती एका दलालाकडे जात होती, आणि त्या दलालाच्या गिऱ्हाइकांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे कंत्राटदार होते. प्रार्थनेसाठी दिलेली माहिती लष्कराच्या दारी! दिली कोणत्या कामासाठी आणि वापरली कोणत्या कामासाठी, यांतले हे अंतर हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

"आमच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही, मग भ्यायचे कशाला?" असे म्हणणारे सज्जन आम्हांस रोज भेटतात. त्यांच्या सज्जनपणाबद्दल आम्हांस शंका नाही. पण सासरच्या मारझोडीला कंटाळून मैत्रिणीकडे आश्रयाला गेलेल्या बाईजवळ लपवण्यासारखे काहीतरी असते. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेल्या जोडप्याजवळ असते. वर्तमानपत्राच्या कचेरीत येऊन कारखान्यातला गैरव्यवहार सांगणाऱ्या कारकुनाजवळ असते. सभेच्या कडेला उभे राहून वहीत नावे टिपणारा साध्या वेषातील हवालदार आम्हां सीमाभागातील लोकांना नवा नाही. त्याला निदान चेहरे ओळखावे लागत, आणि त्यालाही आपण ओळखत असू. आता त्या हवालदाराची गरज उरलेली नाही. अमुक तासात अमुक टॉवरशी जे जे फोन जोडलेले होते, त्या सर्वांची यादी मागवली की मोर्चातला माणूस, मोर्चा पाहायला थांबलेला माणूस आणि समोरच्या दुकानात साखर घ्यायला आलेला माणूस, तिघेही एकाच यादीत येतात. त्या तिसऱ्या माणसाने लपवण्यासारखे काय केले होते?

माणसाच्या येण्या-जाण्याची नोंद ठेवण्याची ही हौस नवी नाही. नवे आहे ते फक्त तिचे यंत्र. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. आमच्या भागातले वृद्ध सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी ऐकत वाढले आहेत: काटेरी तारेचे कुंपण, ठराविक वेळेची हजेरी, आणि गावाबाहेर जायचे तर हातात पास. मूल चोर निघेल की साधू, याची वाट न पाहता त्याचे नाव नोंदवहीत चढत असे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये आणि साऱ्या देशाने १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा रद्द केला, तेव्हा त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ज्याला हजेरी द्यावी लागत नाही तो मुक्त, असा त्याचा अर्थ लोकांनी अनुभवातून घेतला होता.

परंतु वही मिटली नव्हती. उत्तर प्रदेशात खडक सिंग नावाचा एक मनुष्य १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून पकडला गेला आणि पुराव्याअभावी सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाने पत्रक उघडले. रात्री-अपरात्री शिपाई आणि चौकीदार त्याचे दार ठोठावीत. परगावी निघाला की कोठे जातो आणि कधी परततो हे त्याने चौकीदाराला सांगायचे. आणि ज्या गावी जाईल तेथल्या पोलिसांना आगाऊ वर्दी जायची. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९६२ च्या डिसेंबरात निकाल लागला. रात्रीचे दार ठोठावणे तेवढे न्यायालयाने बेकायदा ठरवले. मागावर राहणे आणि हालचालींची नोंद ठेवणे यांना मात्र बहुमताने मुभा दिली. तर्क असा की, पाठीमागे कोणी चालत असला म्हणून पुढच्याचे चालणे काही अडत नाही! न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटले नाही. पाळतीखाली चालणारा माणूस मोकळेपणाने चालतो असे म्हणता येईल काय, असा त्यांचा सवाल होता. अशा माणसाला सारा देशच तुरुंग होतो, असा त्यांच्या भिन्न निकालपत्राचा आशय आहे. आज कंपन्या जे सांगतात ते त्या बहुमताच्या तर्काहून तसूभर निराळे नाही. "आम्ही तुम्हांला कोठे अडवतो? आम्ही केवळ नोंद ठेवतो."

सुब्बा रावांचे म्हणणे कायदा व्हायला पंचावन्न वर्षे लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने निर्णय दिला की, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. खडक सिंगच्या निकालातील उलट विधान त्यांनी पुसून टाकले. चार न्यायमूर्तींच्या वतीने मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड मराठी, आणि हक्क मागणारे पुट्टस्वामी कन्नड; कोर्टात भाषेची सीमा आड आली नाही, ही गोष्ट जाता जाता नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो.

हा निकाल निव्वळ कागदावर राहिला असे कोणी म्हणू नये. अमली पदार्थांच्या खटल्यातील नायजेरियाच्या एका आरोपीला दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जामीन देताना अट घातली होती: गुगल नकाशावर आपल्या ठिकाणाची खूण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी ठेवावी. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. ज्याने पोलिसांना आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घटनेच्या एकविसाव्या कलमाशी विसंगत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आता विचार करा. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या परदेशी माणसावर जी नजर सरकारला ठेवता येत नाही, ती नजर हवामान सांगणाऱ्या आणि पत्ते खेळवणाऱ्या ॲपांनी निरपराध नागरिकावर ठेवावी, आणि आम्ही ती बटण दाबून मान्य करावी!

ज्याला "नाही" म्हणण्याची सोयच नाही, त्याची अवस्था याहून बिकट आहे. नागपूर आणि चंदीगड येथील महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जी.पी.एस. घड्याळे बांधली. कामगार कोठे आहे आणि किती हलला, हे कचेरीत बसलेल्या साहेबाला पडद्यावर दिसावे, हा हेतू. कामगारांनी विरोध केला. घड्याळ चुकले म्हणून पगार कापला जातो, अशाही तक्रारी झाल्या. रस्ता झाडला गेला की नाही, हे रस्ता पाहून कळते. त्यासाठी माणसाला पट्टा बांधण्याची गरज नाही. आणि बांधायचाच असेल, तर तो सर्वांत आधी झाडूवाल्याच्या मनगटावर का? फायली अडवून बसणाऱ्या अधिकाऱ्याचे मनगट का मोकळे? सेटलमेंटची हजेरी जातीने ठरत असे. या हजेरीतही पिढ्यान्‌पिढ्या खालच्या पायरीवर ठेवलेलेच लोक पहिल्या रांगेत उभे केले जावेत, हा योगायोग आहे असे आम्ही मानीत नाही.

सरकारने सक्ती केली, लोकांनी आवाज उठवला आणि सरकारला एक पाऊल मागे घ्यावे लागले, असेही घडले आहे. साथीच्या काळात २ एप्रिल २०२० रोजी आलेले 'आरोग्य सेतु' ॲप ब्ल्यूटूथबरोबर ठिकाणही नोंदवीत असे. १ मे च्या आदेशाने ते प्रत्येक नोकरदारावर बंधनकारक झाले. टीकेचा गदारोळ उठताच १७ मे च्या आदेशात "शक्य तो प्रयत्न करावा" इतपत ते सौम्य झाले. गुगलचीही तीच कथा. ठिकाणांचा इतिहास बंद केला तरी दुसऱ्याच एका नावाच्या मांडणीतून ठिकाणे साठवली जात होती, हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये उजेडात आणले. पुढच्या दाराला कुलूप, मागचे दार उघडे! अमेरिकेतील चाळीस राज्ये एकत्र आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गुगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. वर्षभराने, हा प्रवासाचा इतिहास यापुढे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर ठेवला जाईल, असे तिने जाहीर केले. एवढी बलाढ्य कंपनी आपण होऊन सुधारली नाही. तिला सुधारावी लागली.

आमच्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्यांतही बहुतेक जबाबदाऱ्या अंगाला लागू होण्यासाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कायद्यात दोष आहेत, आणि ते मोठे आहेत. सतराव्या कलमाने केंद्र सरकार केवळ अधिसूचना काढून आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून मोकळे करू शकते. सातव्या कलमाने नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराच्या संमतीवाचून त्याची माहिती वापरता येते; म्हणजे त्या घड्याळांना वाट मोकळीच. ठिकाणाच्या माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण या कायद्यात कोठेही नाही. आमचे लोकप्रतिनिधी मते मागायला येतील तेव्हा या दोन कलमांबद्दल त्यांना विचारले पाहिजे. बहुतेकांनी ती वाचलेली नसतील; निदान आपण विचारल्यावर तरी वाचतील.

तथापि याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की, तिच्याकडे आमच्या वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. संमती मागणारी सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. त्या परिशिष्टात मराठी आहे, कन्नड आहे, कोकणीही आहे. सात-बारा उतारा, न्यायालयाचे समन्स, रुग्णालयाचा फलक, या प्रत्येक ठिकाणी न कळणाऱ्या भाषेपुढे मान डोलवावी लागण्याचे दुःख सीमाभागातील माणसाला कोणी समजावून सांगायला नको. वीस पानांचा इंग्रजी मजकूर, त्याखाली एक बटण, आणि ते दाबले नाही तर ॲप चालणार नाही, याला संमती म्हणणे म्हणजे कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्याला खरेदीखत म्हणण्यासारखे आहे. संमती मोकळेपणाने, समजून आणि नेमक्या कामापुरती दिलेली असावी. आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता यावी, असेही हाच कायदा सांगतो.

तेव्हा आज रात्री जेवणे उरकल्यावर एवढे करा. फोनच्या 'सेटिंग'मध्ये 'लोकेशन' उघडा. कोणकोणत्या ॲपांना ठिकाण कळते त्यांची यादी तेथे सापडेल. ती पाहून अनेकांना धक्का बसेल. नकाशा आणि रिक्षा यांना "वापर चालू असतानाच" एवढीच मुभा ठेवा. हवामानाला नेमका पत्ता कशाला? त्याला अदमासे ठिकाण पुरते, आणि नव्या फोनांत तसा पर्याय असतो. विजेरी, खेळ, कॅलेंडर, पंचांग यांची परवानगी काढून टाका. सूर्योदय पाहायला आपल्या गावाचे नाव आपण हाताने लिहू शकतो. जाहिरातींसाठी फोनला दिलेला क्रमांकही तेथेच 'प्रायव्हसी'च्या सदरात पुसता येतो. घरातल्या मुलामुलींना हे काम सांगा, पण आपण शेजारी बसून पाहा. आणि जे ॲप, जी बँक, जे दुकान किंवा जी कचेरी ठिकाणाची परवानगी मागते आणि त्यासंबंधीचा मजकूर मराठीत दाखवू शकत नाही, तिचे नाव एका कार्डावर लिहून आमच्या कचेरीत आणून द्या. ती नावे आम्ही याच पानावर छापू.